रिकाम्या नळीवरचं ‘नॉर्मल’

पुणे,
शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५

प्रिय राजनंदिनी,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुला वाटलं असेल, मॅडमनी सहा वर्षांनी पुन्हा कशात तरी चूक काढली. काढली आहे. फक्त या खेपेला ती माझी आहे. आज शिक्षक दिन. सकाळपासून मुलं फुलं आणून देतायत आणि ती पाण्यात ठेवायचं मी टाळते आहे. लोणी काळभोरला तू शिकवतेस त्या कॉलेजातून तुझा नंबर मिळवला होता, पण फोनवर मी नेहमीसारखी दोन तुटक वाक्यं बोलून ठेवून दिला असता. म्हणून पत्र.

आधी बातमी. आपले वैजनाथ गेले. मे महिन्यात, बावीस तारखेला. काचसामान धुण्यापासून पेशींच्या डब्यांत द्रव नायट्रोजन भरण्यापर्यंत प्रयोगशाळेतलं सगळं करणारे, कात्रजहून दोन बस बदलून माझ्या आधी हजर असणारे वैजनाथ. रक्ताचा कर्करोग. आपण सगळेच त्यांना अरे-तुरे करायचो. ते माझ्याहून तीन वर्षांनी मोठे होते, हे मला इस्पितळाच्या कागदावर वाचून कळलं.

तू म्हणशील, वाईट झालं, पण यात मॅडमची चूक कुठली? तेच सांगायला बसले आहे आणि तेच सांगवत नाहीये.

तुला आठवतं ना, संधिवाताच्या रुग्णाचं रक्त आलं की शेजारी एका निरोगी माणसाचं रक्त लावायचं. तुलनेला. सुरुवातीला आपल्याकडे असे चौदा जण होते. मग विद्यार्थी शिकून गेले, कारकुनांना सुईची भीती वाटायला लागली, एकदोघांनी तर मला पाहून जिन्याची वाट बदलली. उरले वैजनाथ. दर महिन्याचा पहिला मंगळवार, डबा खाऊन झाला की बाही वर करून स्टुलावर बसायचे. आम्हाला सोयीचं होतं. नियमाप्रमाणे बरेच लोक हवेत हे मी दरवर्षी तुम्हालाच शिकवायचे, आणि दरवर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

३ जुलै २०१८. तारीख मला आता पाठ झाली आहे. पेशी मोजायच्या मशीनच्या पडद्यावर वैजनाथांच्या रक्तातल्या पेशी होत्या, एकेक पेशी म्हणजे एकेक ठिपका. आपल्याला हव्या त्या ठिपक्यांच्या ढगाभोवती मी माऊसने कुंपण काढत होते; आतलं तेवढं मोजायचं. तू मागे उभी होतीस. म्हणालीस, मॅम, हा खाली डावीकडे छोटा गुच्छ आहे, तो गेल्या महिन्यातही होता. मी म्हटलं, ती मशीनची घाण आहे. तू पुन्हा म्हणालीस, पण मॅम, घाण दर महिन्याला एकाच जागी कशी पडेल? आणि मी म्हणाले, “राजनंदिनी, आपण संधिवातावर संशोधन करतो, वैजनाथवर नाही.” सगळे हसले. दारात नळ्यांची जाळी घेऊन उभे असलेले वैजनाथही हसले. तू हसली नाहीस. पुढच्या वर्षी तू पीएच.डी. अर्धी टाकून गेलीस आणि मी सगळ्यांना सांगितलं की तिच्यात चिकाटी नव्हती. पुण्यात टोमणा मारून मोकळं व्हायला अक्कल लागते असा आपला गोड समज आहे. मला त्याचा फार अभिमान होता.

या जानेवारीत वैजनाथ स्वारगेटला बस बदलताना चक्कर येऊन पडले. दोन वर्षांपासून गळ्याला गाठी होत्या. मला दिसल्या नाहीत. ते मफलर बांधायचे आणि मला मफलर दिसायचा. वजन उतरलं होतं, ताप येऊन जाऊन होता. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, इतके दिवस तपासणी का नाही केली? तेव्हा त्यांची बायको कौशल्याबाई म्हणाल्या, केली की, दर महिन्याला होते. मग त्या डॉक्टरने मला फोन करून अगदी अदबीने विचारलं, मॅडम, आपल्याकडचे यांचे जुने रिपोर्ट मिळतील का? मी म्हटलं, आमच्याकडे रिपोर्ट नसतात हो, आमचं संशोधन असतं. हे वाक्य म्हणताना आपण किती बरोबर बोलतोय असंही मला वाटलं.

त्या दुपारी मी जुन्या फाइली उघडल्या. २०१७ पासूनचे चौऱ्याण्णव मंगळवार. तू दाखवलेला गुच्छ प्रत्येकात होता. २०१८ मध्ये चिमूटभर, २०२० मध्ये मूठभर, २०२३ मध्ये तर मला कुंपण काढायला जागा मिळेना म्हणून मी ते वरच्या बाजूला सरकवून घेतलं होतं. माझ्याच हाताने. नजरचूक असती तर मी स्वतःला कधीतरी माफ केलं असतं. पण मी दर वेळी त्या गुच्छाला वळसा घालून रेष ओढली होती. म्हणजे तो मला दिसत होता. आईबापांनी नाव प्रियदर्शनी ठेवलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आणि आपला तो निबंध, ज्यावर मला पुरस्कार मिळाला! संधिवाताच्या रुग्णांत त्या पेशी वर्षागणिक वाढत जातात म्हणून मी जो चढता आलेख देशभर दाखवत फिरले, तो चढत नव्हताच. रुग्ण होते तिथेच होते. वैजनाथांच्या चांगल्या पेशी दर वर्षी कमी होत होत्या आणि आम्ही त्यांना जमीन समजून उंची मोजत होतो. निबंध मागे घेते आहे म्हणून मासिकाला लिहून टाकलं. संचालक म्हणाले, मॅडम, निवृत्तीला पाच वर्षं राहिली, कशाला? मला त्याचं काही वाटलं नाही. तेवीस वर्षांच्या कामातलं नेमकं किती खरं उरतं हे मी मोजायला बसले होते, आणि दोन दिवसांनी मोजणं सोडून दिलं.

वैजनाथांना मी हे सांगितलं नाही. तीन वेळा इस्पितळात जाऊन, तीनही वेळा शहाळं ठेवून परत आले. शेवटच्या खेपेला त्यांनीच माझी क्षमा मागितली. म्हणाले, “मॅडम, आता तुमची लई अडचण व्हायलीय बघा. नॉर्मलला कुणाला धरणार?” मी म्हटलं, तुम्ही बरे व्हा आधी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ‘तुम्ही’ म्हटलं, आणि त्यांना ते इतकं अवघड झालं की त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

या आजाराची जात संथ असते, राजनंदिनी. डॉक्टर म्हणाला, वेळेवर आले असते तर नुसतं लक्ष ठेवलं असतं, लागल्या तर गोळ्या दिल्या असत्या, माणसं वर्षानुवर्षं काढतात. हे आले तेव्हा त्या संथ आजाराने रूप बदललं होतं. मी विचारलं, दोन वर्षं आधी आले असते तर? त्याने वैजनाथांची फाइल मिटली.

मग ते आले का नाहीत, हे मला तेराव्यानंतर कात्रजला त्यांच्या घरी गेले तेव्हा कळलं. कौशल्याबाईंनी चहा दिला आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या मांडीवर ठेवलं. त्याच्यामागे आधीच्या वर्षांची कॅलेंडरं अडकवलेली होती. प्रत्येक पहिल्या मंगळवारच्या चौकोनात आपल्या नळ्यांचं उरलेलं लेबल चिकटवलेलं. ‘नॉर्मल–व.’ त्या म्हणाल्या, “किती डाव म्हणलं डाक्टरला दावा, दावा. तर म्हणायचे, मला काय धाड भरलीय? मॅडम म्हैन्याला बघायलेत की रक्त. नळीवर लिहून असतंय, नॉर्मल.”

ती लेबलं मी दर जानेवारीत छापून घ्यायचे, राजनंदिनी. वर्षाची एकदम. रक्त काढायच्या आधी, रिकाम्या नळीवर लावायचे. आपल्या लेखी ‘नॉर्मल’ म्हणजे तुलनेचा माणूस. त्यांच्या लेखी तो निकाल होता. सोळा वर्षं त्यांच्या देखत मी त्यांना तो निकाल देत होते, आणि त्यांना एकदाही सांगितलं नाही की दादा, हे आम्ही न बघताच लिहितो. मी तिथे चहा पिऊन उठले.

तुझी जुनी वही काढली. त्या तारखेला तुझ्या हिरव्या शाईत लिहिलंय, “व. – खालचा गुच्छ? पुन्हा पाहावा.” त्याखाली माझ्या लाल शाईत: “घाण. दुर्लक्ष करावे.” आणि माझी झोकदार सही. माफी मागायला शब्द शोधत होते. मिळाले ते सगळे माझ्याच सोयीचे निघाले, म्हणून लिहीत नाही. चिकाटी तुझ्यात नव्हती असं ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतल्या हयात असलेल्या प्रत्येकाला खरं काय ते कळवलं आहे. त्याने तुझी वर्षं परत येत नाहीत, हे मला समजतं.

आता मूळ गोष्ट. परवा कौशल्याबाई मुलीला घेऊन प्रयोगशाळेत आल्या. भाग्यश्री, तेवीस वर्षांची, हडपसरला नोकरी करते. सारखी दमते म्हणाल्या. हा आजार कधीकधी घराण्यात असतो, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलंय. मी म्हटलं, इस्पितळात दाखवा, मी चिठ्ठी देते. तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, अखेरीस. गुच्छ, कुंपण, लेबल, तुझा प्रश्न, माझा टोमणा. त्या पदर तोंडाला लावून ऐकत राहिल्या. भाग्यश्री उठून बाहेर गेली. मग कौशल्याबाई म्हणाल्या, इस्पितळात तर दावतेच, पण तुम्ही बी बघा. आता तरी बघा. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

मी मशीनसमोर बसून पाहिलं, सरावासाठी, दुसऱ्या कुणाच्या जुन्या फाइलीवर. माझा हात आपोआप रेष ओढतो आणि नको ते बाहेर ठेवतो. मला माझ्या डोळ्यांचा भरवसा उरलेला नाही. येत्या मंगळवारी अकरा वाजता भाग्यश्री रक्त द्यायला येणार आहे. तू येशील? माझ्यासाठी येऊ नकोस, माझ्याशी बोलायचीही गरज नाही. मी खुर्चीवरून उठून मागे उभी राहीन, तू जिथे उभी राहायचीस तिथे, आणि तू म्हणशील ते ऐकेन. तुझी वही टेबलावर ठेवली आहे. शेजारी नळी ठेवली आहे. तिच्यावर काहीही लिहिलेलं नाही.

तुझी (मॅडम म्हणू नकोस),
प्रियदर्शनी