समन्वयकाचा खोकला

२ मार्च, सकाळ

आजपासून रोजनिशी. एकही दिवस खाडा नाही. पुढेमागे कुणी माझं चरित्र लिहायला घेतलंच, तर बिचाऱ्याची शोधाशोध वाचेल.

मी आमच्या पक्षाचा युती-समन्वयक. म्हणजे चार परंपरावादी पक्षांची जी युती आहे, तिच्या बैठकीत आमच्या बाजूने मी बसतो. चौघांत आमचा पक्ष सगळ्यात लहान, पण धोरण सगळ्यात पक्कं : आहे ते असू द्या. जाहीरनामा वर्षानुवर्षं तोच. फक्त तारीख बदलतो, आणि तेवढ्यालाही कार्यकारिणीत कुणीतरी नाक मुरडतंच.

संकल्प : रोज चालायला जाणे. बैठकीत ताठ बसणे. आणि काहीही होवो, आभाळ कोसळो, ताईची जागा सोडायची नाही.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. शाळेत मुख्याध्यापिका आहे. अर्धा मतदारसंघ तिच्या हातचा मार खाऊन मोठा झालाय आणि तरी तिला वाकून नमस्कार करतो. उभी राहिली तर सहज निवडून येईल. ती नको नको म्हणत होती. मी वर्षभर मागे लागून तिला तयार केलं. हे माझ्या राजकीय आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम.

आज चालायला गेलो नाही. खोकला.

५ मार्च

युतीच्या बैठकीची पद्धत लिहून ठेवतो. आमच्यात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. मतदान तर कधीच घेत नाही. मतदान घेतलं की फूट दिसते, फूट दिसली की पेपरवाल्यांचं फावतं. म्हणून अध्यक्ष साहेब (मोठ्या पक्षाचे, युतीचेही तेच) विषय वाचतात आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे एकदा बघतात. ज्याला पटलं नसेल त्याने खोकायचं. खोकला ऐकू आला की साहेब म्हणतात, यावर नंतर निवांत बोलू, आणि विषय बाजूला. कुणीच खोकलं नाही की मंजूर. सगळं बिनविरोध. इतका सुसंस्कृत कारभार दुसऱ्या कुठल्या युतीत नसेल.

हल्ली माझा दरारा फार वाढलाय. गेल्या काही बैठकांत माझ्यामुळे विषयामागून विषय बाजूला पडले. व्यापाऱ्यांच्या पक्षाचे सरचिटणीस जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले की तुमच्याइतका कणखर माणूस पाहिला नाही बुवा. बायको म्हणते, कणखर कसले, छातीत कफ झालाय. बायकोला राजकारण कळत नाही.

संध्याकाळी ताई आली. माझी छाती वाजताना ऐकून भडकली. पर्समधून औषधाची बाटली काढली, समोर उभी राहिली आणि दोन चमचे प्यायला लावले. वर चमचा चाटायला लावला. मी पन्नाशीचा आहे, समन्वयक आहे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

७ मार्च

खोकला गायब! झोप मस्त लागली. ताईच्या हाताला गुण आहे, मानलं.

८ मार्च, दुपार

बैठक झाली. वातावरण छान. बिस्किटंही बरी होती.

साहेबांनी सुरुवातीलाच माझ्याकडे हात करून सांगितलं की हा माणूस म्हणजे युतीचा खांब. टाळ्या पडल्या. मग जागावाटप. एकेक मतदारसंघ वाचत वाचत ताईचा आला. साहेबांनी वाचलं : मोठ्या पक्षाकडे. चष्म्यावरून बघितलं. आधी व्यापाऱ्यांकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. आणि हसले.

खोकला आला नाही.

आता आलाच नाही तर मी काय करू? ओढूनताणून खोकायचं? तेही सगळ्यांसमोर खांब म्हणवून घेतल्यावर? आणि औषध कुणी पाजलं? ताईनेच ना. म्हणजे शांतपणे विचार केला तर यात माझी चूक... जाऊ दे.

पुढच्या बैठकीत विषय पुन्हा काढतो. तोवर ताईला सांगून उगाच टेन्शन द्यायचं नाही.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, आत्ताच्या आत्ता ताईंना फोन करा. मी म्हणालो, राजकारणात वेळ साधावी लागते. तिने भांडी जोरात आपटली.

९ मार्च

चालायला गेलो. शाळेचा रस्ता टाळला, त्यामुळे लांबून वळसा पडला. तब्येतीला चांगलंच.

घरी आलो तर ताईचा फोन. शाळेच्या संस्थेचा नियम आहे म्हणे : उमेदवारी अर्ज भरण्याआधी राजीनामा द्यायचा, पंधरा तारखेपर्यंत. आणि एकदा दिला की दिला. उपमुख्याध्यापक कधीचे खुर्चीकडे डोळे लावून बसलेत, ते परत येऊ देणार नाहीत. तिने सरळ विचारलं, छोट्या, जागा पक्की ना रे?

मी सांगितलं की बैठकीत सगळं बिनविरोध झालं.

यातला एकही शब्द खोटा नाही.

११ मार्च, संध्याकाळ

आज सोक्षमोक्ष लावायचा म्हणून साहेबांच्या घरी गेलो. रस्त्यात भाषणाची तालीम केली. शेवटचं वाक्य होतं, आमचा पक्ष लहान असेल, पण लाचार नाही. रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं, इतकं जमलं होतं.

साहेब बाहेर आले ते खांद्यावर हात ठेवूनच. खोकला गेला वाटतं, म्हणाले. म्हटलं, हो, गेला. म्हणाले, बरं झालं, तब्येत सांभाळा, सरकार आलं की तुमच्यासारख्यांना एखाद्या समितीवर घ्यायचंय. मी आभार मानले. मग त्यांनी मला बागेतले गुलाब दाखवले. बाहेर आलो तेव्हा भाषण तसंच पोटात राहिलं होतं.

बायकोला सांगितलं, चर्चा सकारात्मक झाली. ती म्हणाली, जागेचं काय झालं? म्हटलं, तो मुद्दा ओघात आला नाही. त्यावर ती म्हणाली की उद्या तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सांगेन. मी हात जोडले. माझ्या बहिणीला मीच सांगणार, तेवढा मान मला राहू दे म्हटलं. तिने ऐकलं. ऐकायला नको होतं.

१३ मार्च

शाळेत गेलो. सांगायलाच गेलो होतो, शप्पथ.

ताई कपाट आवरत होती. खडूंचे डबे, फुटपट्ट्या, जप्त केलेले चेंडू. किती चेंडू! प्रत्येक चेंडू कुणाचा हे तिच्या लक्षात होतं. त्या पोरांतला एक आता वकील आहे आणि दुसरा आमच्याच पक्षाचा खजिनदार. मला खुर्ची दिली, चहा मागवला. मग म्हणाली, तू हात धुऊन मागे लागला नसतास तर मी या फंदात पडलेच नसते. पण आता खरंच वाटायला लागलंय रे. संसदेत पहिला प्रश्न काय विचारायचा तेही ठरवलंय : मुलींच्या शाळांमध्ये स्वच्छतागृहांना कड्या का नाहीत. हसत होती. तिला इतकी खुश मी तिच्या लग्नातही पाहिली नव्हती.

आता बोलायचंच म्हणून मी घसा साफ केला. झालं. तिला वाटलं, खोकला उलटला. लगेच उठली, पर्स उपसायला लागली, औषध घरी राहिलं म्हणून हळहळली. मी चहा संपवला आणि आलो.

चहाही पूर्ण प्यायलो. अर्धा ठेवून उठलो असतो तर निदान तिला शंका तरी आली असती.

१५ मार्च

सकाळी : आज काहीही झालं तरी. फोनवर लिहिलं, ताई, राजीनामा देऊ नकोस. मग खोडलं. असलं फोनवर सांगणं बरं दिसत नाही. समोरासमोर सांगणार. आता निघतोच.

दुपारी : निघालो. वाटेत न्हाव्याकडे गर्दी नव्हती. म्हटलं, गंभीर बोलायचंय तर माणूस जरा नीटनेटका दिसावा. न्हावी बोलका निघाला.

संध्याकाळी : पोचलो तेव्हा ताई शाळेच्या पायऱ्यांवर उभी होती. हातात टेबलावरची कुंडी. राजीनामा दिलेला. मला म्हणाली, छान कापलेत केस, आणि मग माझा दंड धरून म्हणाली, चल, आता तू आणि मी. मला रडू आलं. तिला वाटलं, आनंदाने रडतोय. आपल्या पदराने माझे डोळे पुसले.

कुंडी मी उचलून घरापर्यंत नेली. तेवढंच.

१६ मार्च

बायको बोलत नाही.

इथे तरी खरं लिहितो, इथे कोण वाचतंय. खोकला आला होता. घशापर्यंत आला होता. साहेब माझ्याकडे बघून हसले आणि मी तो गिळला. औषधाचा काही संबंध नाही.

लिहिल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

१९ मार्च

यादी जाहीर झाली. ताईच्या मतदारसंघात मोठ्या पक्षाचा उमेदवार, अध्यक्ष साहेबांचा जावई. मी दार लावून बसलो होतो. ताई आलीच. धापा टाकत होती, पायात वेगवेगळ्या चपला.

तिने काही विचारायच्या आत मी म्हणालो, मलाही आत्ताच कळलं.

आणि तिने विश्वास ठेवला. लगेच! ओरडेल, कानाखाली देईल, काहीही चाललं असतं. ती माझ्याजवळ बसली आणि पाठीवरून हात फिरवायला लागली. म्हणाली, तू पहिल्यापासून साधा, तुला फसवलं रे त्यांनी, तू मनाला लावून घेऊ नकोस. नोकरी गेलेली बाई मला समजावत होती. मग मी सकाळपासून उपाशी आहे कळल्यावर स्वयंपाकघरात गेली. बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी खाली बघून जेवलो. दोनदा वाढून घेतलं. लाज वाटत होती आणि भूकही लागली होती.

जाताना ताई म्हणाली, उद्या साहेबांकडे जाते. माझं तिकीट गेलं उडत, पण माझ्या भावाला का फसवलंत, एवढं विचारणार आहे. मी म्हटलं, नको, त्यांना बीपी आहे. मग म्हटलं, मला बीपी आहे. म्हणाली, म्हणून तर तू घरी थांब.

तिच्या मागोमाग धावत जाऊन सांगायला हवं होतं. जिना उतरायला ती वेळ लावते, गुडघे दुखतात तिचे. अगदी सावकाश उतरत होती. वर उभा राहून ऐकत होतो.

२० मार्च, दुपार

ताई गेली. बायकोही तिच्याबरोबर गेली. मी घरी. पंखे पुसले.

२० मार्च, संध्याकाळ

दोघी आल्या. ताई बसली नाही. साहेब चांगले वागले म्हणे, चहा दिला. सांगितलं की कुणी कुणाला फसवलेलं नाही, तुमचे बंधू समोरच बसले होते, आम्ही त्यांच्याकडे बघून थांबलोही होतो. ताईने मला विचारलं, ती बैठक कधी झाली होती. म्हटलं, आठ तारखेला.

ती मग म्हणाली, नोकरीचं मला काही नाही, चार शिकवण्या घेईन. पण तू शाळेत आलास. माझ्यासमोर बसून चहा प्यायलास. वर्गातल्या पोरांना मी मारलं असेल, तुला कधी बोट तरी लावलं होतं का रे? मग माझी एवढी भीती का वाटली तुला?

मी म्हणालो, भीती तुझी नव्हती.

मग कुणाची, असं तिने विचारलं नाही. बायकोला म्हणाली, येतेस का? बायकोने पिशवी भरूनच ठेवली होती. काही दिवस ताईंकडे राहते, म्हणाली. कणीक मळून ठेवली आहे, म्हणाली.

पोळ्या मला येत नाहीत.

२१ मार्च, सकाळ

साहेबांचा स्वतःचा फोन. काल तुमच्या भगिनी येऊन गेल्या, फार सोज्वळ बाई, म्हणाले. त्यांच्या राजीनाम्याचं ऐकून वाईट वाटलं, म्हणाले. मग मुद्द्यावर आले. त्या भागात बाईंना मान आहे, आणि तुम्ही बाईंचे भाऊ. तेव्हा जावयांचे प्रचारप्रमुख म्हणून तुमच्याशिवाय दुसरं नाव सुचत नाही. पहिली सभा शाळेच्याच पटांगणावर घेऊ, उपमुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. ते आता मुख्याध्यापक झालेत.

मग त्यांनी विचारलं, तुम्हाला काही अडचण? चक्क विचारलं, आणि थांबले. खोलीत मी एकटा होतो. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, खांब म्हणणारं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, छे छे साहेब, अडचण कसली.