टेत्सु काय म्हणाला

३ मार्च, सोमवार
केलीचा फोन. पंधरा तारखेला सिअ‍ॅटलमध्ये जपानी बँडचा शो आहे, त्याआधी दुपारी चाहत्यांशी गप्पा. स्टेजवर जपानी-इंग्रजी दुभाषी पाहिजे, तिच्या एजन्सीकडे या भागात मीच एक. कुठला बँड, विचारलं. म्हणाली, योरिमिची.
पोळी जळली.
मिओशिवायची योरिमिची! जानेवारीत चार ओळींचं निवेदन टाकून मोकळे झाले. 'गायिका मिओ स्वेच्छेने बँडमधून बाहेर पडत आहे.' वीस वर्षं जी गायली, जिने निम्मी गाणी लिहिली, तिला चार ओळी. आमच्या अपार्टमेंटची पाणी बंद असल्याची नोटीस याहून मोठी असते.
नाही म्हणणार होते. हो म्हणून बसले.
माझ्या लेकीला, मैत्रीला सांगितलं. लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, "आर दे इव्हन अ बँड एनीमोर?" तेरा वर्षांची आहे. बरोबर बोलली.

५ मार्च, बुधवार
केलीने कागद पाठवले. गुप्ततेचा करार, अकरा पानं. आत ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, वगैरे. सही केली.
नवरोबा मिलिंद म्हणतो, एवढी चिडतेस तर घेतलंस कशाला? त्याला काय सांगू. पुण्यात जपानी शिकायला लागले तेव्हा नागपूरची, एकटी, होस्टेलवर. आमच्या सेन्सेई, म्हणजे बाई, गाण्यातले शब्द गाळून कागद द्यायच्या, ऐकून भरा म्हणायच्या. पहिलं गाणं योरिमिचीचं. योरिमिची म्हणजे घरी जाताना वाट वाकडी करून कुठेतरी डोकावणं. एका बंदरगावातली चार शाळकरी मुलं, स्टेशनसमोर संध्याकाळी वाजवायची. गाणारी मिओ, ड्रम्सवर टेत्सु, कीबोर्ड सायाका, गिटार केन. पहिली रेकॉर्ड कुणी विचारलीही नाही. मग बिस्किटाच्या जाहिरातीत त्यातली एक ओळ वाजली नि वर्षभरात मोठमोठे हॉल भरायला लागले. मग नवीन कंपनी. मग वर्षाला दोन-दोन अल्बम, टीव्ही, टूरवर टूर. गेल्या दोन वर्षांत मिओचा वरचा सूर फाटायचा, ते कुणालाही ऐकू येत होतं. कंपनी सोडून.
मी त्यांच्यामुळे भाषा शिकले. लेकीला त्यांची गाणी म्हणत झोपवलं. म्हणून घेतलं, मिलिंद.

११ मार्च, मंगळवार
बँडचा मॅनेजर कुरोदा. त्याच्याबरोबर व्हिडिओ मीटिंग. गोड बोलतो, कमरेत वाकून नमस्कार करतो. माझं नाव एकदाही घेतलं नाही, तासभर नुसतं 'त्सूयाकु-सान'. दुभाषीबाई!
एक पान पाठवलंय. डावीकडे चाहते विचारतील ते प्रश्न, उजवीकडे उत्तरं. मिओबद्दल: 'ती समाधानाने गेली, आम्ही तिला शुभेच्छा देतो.' म्हटलं, कलाकार जे बोलतील ते मी इंग्रजीत सांगणार, उत्तरं आधीच कशी सांगता? म्हणाला, "ते हेच बोलतील." हसत.
मैत्रीचं तिकीट काढलं. चौथी रांग. ती नको म्हणत होती, मीच ये म्हणाले. माझ्याच हट्टाने. हे लिहून ठेवते.

१५ मार्च, शनिवार
आत्ताच घरी आलो. शोला थांबलो नाही.
क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मीच वेगळं आठवेन.
बाराला हॉलवर. मागच्या खोलीत कुरोदा आणि त्याचा सहायक माझ्यासमोर बिनधास्त जपानीत बोलत होते, जणू मी खुर्ची. डॉक्टरने मिओला गळ्याच्या ऑपरेशननंतर सहा महिने न गाण्याची ताकीद दिली होती. तिने सहा महिने मागितले. कंपनी थांबणार नव्हती, अमेरिकेची टूर ठरलेली. हॉस्पिटलमध्ये कागद नेऊन सही घेतली. हे सगळं कुरोदा सहायकाला सांगत होता, डबा खात, कारण सहायक नवीन, त्याला आज नीट समजावून द्यायचं होतं कोणी काय विचारलं तर काय टाळायचं. कोपऱ्यात टेत्सु बसलेला. पायावर बोटांनी ताल धरलेला, तो थांबला.
मी पाणी प्याले. दुसरं काय करणार होते.
दोन वाजता स्टेज. हॉल भरलेला. माझ्या कानात छोटं यंत्र, स्टेजवरचा आवाज नीट यावा म्हणून. पहिली वीस मिनिटं छान. सिअ‍ॅटलची कॉफी, पाऊस, हशा. मग मागून एक मुलगी उठली. "मिओ बरी आहे का? तिलाच जायचं होतं का?"
मी जपानीत विचारलं. सायाका खाली बघायला लागली. केनने माइक उचलला, ठेवला. टेत्सुने घेतला. म्हणाला, "मिओ वा यामेताकु नाकात्ता." मिओला सोडायचं नव्हतं. आणि मग, "गप्प आम्ही बसलो."
स्वच्छ. माइकवर. अर्ध्या मिनिटाचंही काम नव्हतं माझं.
कानात कुरोदाचा आवाज. "हे नाही. म्हणा, मिओ समाधानाने गेली."
तीन सेकंद असतील. सगळा हॉल माझ्या तोंडाकडे बघतोय.
मी म्हटलं, मिओ समाधानाने गेली, आम्ही सगळे तिच्यासाठी आनंदात आहोत. इंग्रजीत. हसून. हसूनसुद्धा!
टाळ्या पडल्या. लोक रडत टाळ्या वाजवत होते. टेत्सुला इंग्रजी फार येत नाही, पण 'हॅपी' कळतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माइक खाली जमिनीवर ठेवला, हळू, आणि शेवटपर्यंत उचलला नाही.
चौथ्या रांगेत एकच पोरगी टाळ्या वाजवत नव्हती.
गाडी ४०५ हायवेला लागल्यावर मैत्री माझ्याकडे वळली. मग, "ही सेड यामेताकु नाकात्ता. आय नो दॅट वर्ड, आई. यू टॉट मी दॅट वर्ड."

१६ मार्च, रविवार
शीलाकाकूंकडे बुद्धवंदना. बॉथेलमधली आमची बाराएक घरं जमतात. त्रिसरण झालं, पंचशील सुरू. चौथ्यावर आले, मुसावादा, आणि माझा आवाजच निघेना. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. शेजारी मैत्री मोठ्याने म्हणत होती. एरवी पुटपुटते.
काकूंनी नंतर स्वयंपाकघरात धरलं. "प्रज्ञा, काय झालं गं?" सांगितलं. कराराचं काय ते गेलं खड्ड्यात. काकू उसळ वाढता वाढता थांबल्या. म्हणाल्या, "त्या माणसाने सांगितलं ते त्याचं. तू बोललीस ते तुझं."
मला वाटलं होतं, निदान काकू तरी म्हणतील, जाऊ दे बेटा. राग आला. त्यांचाच राग आला, काय गंमत आहे.

१८ मार्च, मंगळवार
कुणीतरी शूट केलं होतं. क्लिप सगळीकडे. जपानी येणाऱ्यांनी खाली खरा अर्थ लिहिलाय. दुभाषी अडाणी आहे. दुभाषी विकत घेतलेली आहे. कुठून आणलं हिला, हिच्या इंग्रजीचा उच्चार ऐका. हे सगळं मी ऑफिसच्या बाथरूममध्ये उभं राहून वाचलं.
संध्याकाळी कंपनीचं निवेदन, दोन भाषांत. 'स्थानिक दुभाषीच्या चुकीमुळे गैरसमज निर्माण झाला. टेत्सु यांचे शब्द संदर्भ सोडून घेतले गेले.'
चूक!
कुरोदा, तुझ्या आवाजात ऐकलंय मी ते, कानाच्या आत. सतरा वर्षं भाषेवर घासलीयेत, वाहनांच्या सुट्या भागांच्या मीटिंगांत आठ-आठ तास उभी राहिलेय, एक आकडा चुकू दिला नाही. ती माझी चूक नव्हती. चूक असती तर बरं झालं असतं.

१९ मार्च, बुधवार
मिलिंदशी कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, सगळं लिहून टाकते. तो म्हणाला, "अकरा पानांवर सही आहे तुझी. ग्रीन कार्ड लटकलेलं, तुझं वर्क परमिट माझ्या व्हिसावर. कोर्टकचेरी झाली तर?"
"म्हणून गप्प बसू?"
"गाणी आहेत यार, प्रज्ञा. एक बँड आहे. आपलं घर आहे हे."
त्याची भीती खोटी नाही, हेच तर चीड आणतं. ताट तसंच टाकून उठले. तोच आवरत होता नंतर, भांडी आपटत.

२० मार्च, गुरुवार
केलीला फोन. म्हटलं, निवेदनातलं 'चूक' काढायला लाव. तिने अर्ध्या तासाने परत फोन केला. कंपनी म्हणते, तुम्ही शांत राहिलात तर आम्हीही विषय वाढवणार नाही, पुढेही काम देऊ. केली स्वतःच ओशाळली. "आय अ‍ॅम जस्ट पासिंग इट ऑन," म्हणाली.
हो ना. आपण सगळे नुसते पोचवतोच.

२२ मार्च, शनिवार
लिहून झालं. इंग्रजी, जपानी. सहा ओळी. तो काय म्हणाला. मी काय म्हटलं. ती चूक नव्हती, मला कानात सांगितलं गेलं आणि मी ऐकलं. खाली पूर्ण नाव.
मागच्या खोलीतलं, हॉस्पिटल, सही, काही लिहिलं नाही. ते मिओचं आहे, तिने सांगावं. मी फक्त माइकवरचं.
मिलिंदने वाचलं. बराच वेळ वाचत होता, सहाच ओळी. वाटलं, व्हिसाचं काढेल. म्हणाला, "टेत्सुला विचारलंस?"
नाही विचारलं. कसं विचारणार, माझ्याकडे त्याचा नंबर थोडाच आहे? पण त्याने भरल्या हॉलमध्ये सांगितलं होतं ना. लपून नाही. ते लोकांपर्यंत न्यायला मी तिथे उभी होते, मध्येच खाल्लं. एवढंच परत देतेय.
"आणि त्याचं काही झालं तर?"
तरी त्या क्लिपखाली टाकायचं बटण दाबलं. मैत्री मागे उभी होती, खांद्यावर हात ठेवला नाही की काही नाही. फक्त म्हणाली, "ओके."

२४ मार्च, सोमवार
निवेदनातून 'चूक' गायब. माफी नाही, खुलासा नाही, नुसतं पुसलं.
कानात कोण बोललं ते लोकांनी ओळखलं, आता मॅनेजर म्हणून कुरोदाला शिव्या घालतायत. मला बरं वाटलं. दिवसभर बरं वाटलं, भाजी घेताना गुणगुणतसुद्धा होते. त्याचीही लाज लिहून ठेवावी.
कंपनीच्या वकिलाचं पत्र येणार आहे, केली म्हणाली. येऊ दे. मिलिंदने न सांगता काकूंच्या ओळखीच्या वकीलबाईंची वेळ घेतलीये. भांडलो नाही त्यावर.

२९ मार्च, शनिवार
काल टूरचा शेवटचा शो, लॉस एंजेलिसला. मैत्रीने सकाळी फोन पुढे धरला. ड्रम्सवर दुसराच कुणीतरी.
कंपनी म्हणते, टेत्सु यांची प्रकृती ठीक नसल्याने ते मायदेशी परतले आहेत. मागच्या वेळी चार ओळी होत्या, आता दोन.
सायाका आणि केन वाजवतायत. मिओच्या जागची नवीन मुलगी जीव तोडून गातेय, तिचा काय दोष. पण ऐकवत नाही. चौघांतले दोघं राहिले.
मैत्री विचारते, "डिड वी डू दॅट?"
वी म्हणाली. तिने स्वतःला धरलं त्यात. म्हटलं, माहीत नाही गं. तो बोलला तेव्हाच त्यांनी ठरवलं असेल. की मी लिहिल्यावर. माहीत नाही.
एकीने मला लिहिलंय, तो निदान बँडमध्ये होता, तुझ्या प्रामाणिकपणाने तोही घालवलास. आणखी एकीने लिहिलंय, थँक यू. दोघींना उत्तर दिलं नाही.

३१ मार्च, सोमवार
टेत्सुला पत्र लिहितेय. फॅन क्लबच्या पत्त्यावर, पोचेल न पोचेल. कुरोदाच्याच टेबलावर उघडलं जाईल कदाचित. उघडू दे.
जपानीत माफीचे इतके शब्द आहेत, मी शिकवलेतही ते. एकेक लिहून बघितला. प्रत्येक शब्द त्यांच्या निवेदनातून उचलल्यासारखा वाटतो. चार कागद फाडले. मैत्री म्हणाली, "जस्ट से सॉरी." पण मला नुसतं सॉरी नाही म्हणायचंय. मला विचारायचंय, तुम्हाला हवं होतं का हे? मी बोलायला हवं होतं ते त्या दिवशीच, तीन सेकंदांत, आणि नंतर कधीच नाही? तुम्ही चिडलात का माझ्यावर? मिओला कळलं का?
ठरवलं होतं, राग उतरला की लिहीन. पंधरा दिवस झाले, उतरत नाहीये. कुरोदावरचा नाही, माझ्यावरचा नाही. तर मग तसंच लिहायचं.
पाचवा कागद. इथवर आलेय: टेत्सु-सान, त्या दुपारी तुम्ही जे बोललात ते मला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं, आणि