कमरेत आत घेतलेला सदरा

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा शिवणकाम, विधवा, मूलबाळ नाही. डोके ठिकाणावर आहे आणि आज सकाळी साखरही ताब्यात होती. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहिते. याआधी असे काही लिहिलेले नाही.

१. राहते दोन खोल्यांचे घर शिलाईच्या कमाईतून घेतलेले, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते व शिलाई मशीन माझ्या दिरांच्या सुनेला द्यावे. तिच्या नवऱ्याला वा सासऱ्यांना नव्हे. कारण लिहिणे भाग आहे.

माझे यजमान ट्रक चालवत. पोट सुटले होते. सासूबाई कौतुकाने म्हणत, "कसा खात्यापित्या घरचा दिसतो!" संध्याकाळच्या दारूचेही कोणाला वावगे वाटत नसे, पुरुषमाणूस दमून येतो, एवढेच. तपासणीत साखर निघाली तेव्हा दीर बाटली घेऊनच आले. "कडू पोटात गेलं की साखर मरते, दादा."

डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितले, दारू बंद, पोट कमी. यांनी ऐकले. आम्ही दोघे रोज चालायला जाऊ लागलो. साखर उतरली. यांचे सदरे मी कमरेत आत घेतले. संसारातला तेवढाच काळ आम्ही खूप बोललो.

पण सासरी गेलो की जो तो विचारी, "काय रे, आजार बळावला का?" सासूबाई माझ्यादेखत रडल्या, "ही माझ्या पोराला उपाशी मारतेय." शेवटी हे मला म्हणाले, "लोक कीव करतात गं माझी." आणि पुन्हा भावाबरोबर बसू लागले. पुढे पायाची जखम चिघळली, पाय कापावा लागला, मग हेही गेले. त्या दिवशी दीर चारचौघांत म्हणाले, "वहिनीनंच वाळवून मारला." त्यानंतर त्या घरचे कोणी माझ्याकडे फिरकले नाही.

ती सून मात्र गेल्या उन्हाळ्यात आली. "काकू, यांचीही साखर वाढलीये. मामंजी म्हणतात, अंगानं भरलेला आहे, त्याला काय धाड भरलीये! तुम्ही काकांना काय करून घालत होता?" दुपारभर बसलो. निघताना म्हणाली, "मी आले होते, कोणाला सांगू नका हं."

मी कोणाला सांगणार होते?

तिला कधी ते घर सोडावेसे वाटले, तर हे दार तिचे असावे.

२. बँकेतली ठेव डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याला, ज्यांना परवडत नाही त्यांच्या तपासणीसाठी.

३. कपाटातला निळा सदरा दिरांना द्यावा. आत घेतलेली शिवण उसवू नये. त्यांना तो होणार नाही, हे मला ठाऊक आहे.

४. मी गेल्यावर सासरी निरोप धाडायची घाई करू नये.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली. दिनांक : ९ मार्च.
सही : (लिहून देणार)

साक्षीदार पहिली : खालच्या मजल्यावरची इस्त्रीवाली. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा : गॅसचे सिलिंडर पोहोचवणारा. दुसरे कोणी आठवेना, म्हणून त्याला थांबवले. सही करता करता त्याने विचारले, "घरात आणखी कोणी नाही का, मावशी?" मी त्याला चहा घेणार का विचारले. तो घाईत होता.