बिननावाचा डबा

३ जानेवारी
सकाळपासून धुकं. समोरचं मंदाचं घर दिसलंच नाही, नुसता तिचा खोकला ऐकू येत होता. उद्या प्रभुभोजन. काळ्या मनुका निवडल्या, धुतल्या, त्या बिननावाच्या डब्यात भिजत घातल्या. द्राक्षारसाच्या जागी त्यांचा रस मी करते, भाकर मी भाजते, आणि ताट फिरत आलं की न घेता पुढे सरकवतेही मीच. माझा शमू गेल्यापासून हे असंच. पाळक काही बोलत नाहीत. पाळकबाई बोलतात, पण डोळ्यांनी.

४ जाने.
प्रभूच्या प्रार्थनेत, आम्ही जशी क्षमा केली तशी आम्हाला कर, ही क्षमेची ओळ आली की माझा आवाज बसतो. आजही बसला. पुरुषांच्या बाजूने यांचा आवाज खणखणीत. घरी येऊन त्याच तोंडाने, शमूला ज्याने मारलं त्याला शिव्या. यांचं बरं आहे.
दुपारी डोळा लागला. शमू भाटघरच्या पाण्यावरून चालत आला, चपला हातात. म्हणाला, आई, माझाच नंबर होता. एवढंच. सारोळ्याला शमूचा टेम्पो लागायचा तिथं, नंबर कुणाचा, आधी भाडं कुणी घ्यायचं यावरून बोलाचाली झाली होती. त्या दुसऱ्या टेम्पोवाल्याने टायर खोलायची लोखंडी टॉमी उचलली. शमूच्या डोक्यात एकच घाव. माझं लेकरू एका नंबरापायी गेलं. तो आत आहे, केस चालू आहे. त्याचं नाव या वहीत नको.

६ जाने.
डबा घासून कट्ट्यावर उन्हाला ठेवला होता. मंदा आली, हातात घेऊन फिरवून बघत बसली.
"वैनी, ह्यात तुमी देवाच्या मनुका भिजवता?"
म्हटलं, हो, का गं?
शमूच्या वेळी आमच्यात चूल पेटली नव्हती. ख्रिस्ती झालो म्हणून कडू घास थोडाच सुटतो, घरोघरचे डबे आले. नंतर सगळे परत केले, कुणात साखर, कुणात तांदूळ. रिकामा डबा परत द्यायचा नसतो. हा एकच उरला. अख्ख्या मंडळीत विचारलं, कुणाचाच नाही. मंडळीबाहेर विचारायचं मला सुचलंच नाही.
मंदा म्हणाली, "त्याच्या आईचा हाय. कोंडाबाईचा. माझ्या म्हायेरच्या, मार्गासनीच्या वरच्या वस्तीवरची. कोपऱ्यावर उभी व्हती, दारात यायला पाय उचलंना तिचा. माझ्या हातात दिला आन् गेली."
"मग सांगितलं का नाहीस?"
"तुमी जेवला नसता."
खरं आहे. मंदानेच मला भरवलं होतं. आमच्याकडे ज्वारी. तो घास नाचणीचा होता, अजून जिभेवर आहे.

७ जाने.
डबा अंगणात भिरकावला. पोचा आला. मग उचलून आणला. डब्याने काय केलंय.
राग येतो. तिचाही येतो. तिला निदान भेटायला जाता येतं.

१५ जाने.
पहाटेचं स्वप्न. देवळात धुकं भरलेलं. बाक मात्र लांबच लांब, सगळे जेवायला बसलेले. कोपऱ्यात एक बाई उभी, पदर तोंडाला. कुणी तिला जागा देईना. मी ताटातच बघत होते. शमू सरकला. बाकी काही नाही, जरासा सरकला.
उठले तर उशी ओली. चहा उतू गेला.

१८ जाने.
यांना सांगितलं. पेपरची घडी घातली त्यांनी. मग, "रिकामाच दे. नाहीतर भंगारात घाल." जन्मभर एसटीत घंटी मारून लोकांना सरकून बसा, सरकून बसा म्हणणारा माणूस.
रिकामा देववत नाही. काय घालायचं तेही कळत नाही. साखर? कशाबद्दल?

२८ जाने.
जाऊन आले.
डब्यात मनुका घातल्या, दुसरं काही घालायला हात धजेना. नसरापूरला उतरून वेल्ह्याची गाडी धरली. खिडकीबाहेर राजगड नव्हताच, सगळं पांढरं. वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत.
वस्तीवर ती करडाला मांडीवर घेऊन बसली होती. आधी डबा ओळखला, मग मला. उभी राहिली. पोतं अंथरलं. दोघी बसलो. करडू माझा पदर चघळत होतं, तिने हाकललं नाही, मीही नाही.
म्हटलं, तुमचा डबा. पोचा माझ्या हातचा आहे.
झाकण काढून बघितलं तिने. म्हणाली, "म्या कुठल्या तोंडानं माफी मागू तुमच्याकडं?"
"मागू नका. माझ्यापाशी अजून नाही."
खोटं बोलवलं नाही. तिने मान हलवली, जणू उसनं पीठ मागायला आली होती आणि ते नव्हतं.
उठताना विचारलं, भेटायला जाता?
"जाते. माझा गणपत बोलत न्हाई. भिताडाकडं बघत ऱ्हातो."
मनुका तिने पदरात ओतून घेतल्या. डबा घेऊन आत गेली, बाहेर आली तेव्हा तो जड होता. नको म्हणत होते.
"रिकामा कसा देऊ, बाई?"
नाचणीचं पीठ.
(त्याचं नाव लिहिलं गेलं. राहू दे.)

३१ जाने.
उद्या पहिला रविवार. मनुका पातेल्यात भिजल्या आहेत. डबा ओट्यावर, तीन दिवस तिथंच. गव्हाचं पीठ घरात आहे, संपलेलं नाही. देवळात आजवर गव्हाचीच भाकर गेली आहे, पाळकांना काय वाटेल देव जाणे.
संध्याकाळी हे आत आले. झाकण उघडून वास घेतला.
"तिच्याकडचं?"
"हो."
अंगणात निघून गेले. शमूच्या सायकलपाशी उभे होते. वाटलं, आता येऊन डबा पालथा करणार. आले, हात धुतले आणि चुलीवर पाणी ठेवलं. "नाचणीला उकळतं लागतं," म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. मी काय करणार ते मी अजून बोललेही नव्हते.
आधण आलंय. परात पुढ्यात आहे. ती क्षमेची ओळ हळूच म्हणून बघितली. आज अर्ध्यापर्यंत आली.