रेमीचा वळसा

१४ नोव्हेंबर १६८८
पोहोचलो! क्वेबेकहून होडीने येताना बोटं गारठली, मन मात्र नाही. लग्नानंतर आज प्रथमच तोआनेतचं, म्हणजे आता आमचं, घर पाहिलं. नदीपासून थेट जंगलापर्यंत गेलेली शेताची चिंचोळी पट्टी, पिंपात खारवलेली वाम मासळी, चुलीवर वाटाण्याचं सूप. भूमिती आणि लॅटिन शिकलेला माणूस चाळिशी उलटल्यावर शेतकरी झाला! शेजारच्या ब्लेझबाबांनी माझे तळहात उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारलं, "तोआनेत, नवरा आणलास की पाद्री?" सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

उंबरठा डाव्या बाजूला झिजला आहे. तिचा पहिला नवरा रेमी आत येताना तिथे दोन लाथा मारून बुटांवरचा बर्फ झाडायचा म्हणे. काही वर्षांपूर्वी तो बर्फ फुटून गोठलेल्या नदीत गेला. प्रेत मिळालं नाही. पाद्रीबाबांनी आमच्या लग्नाला मोकळ्या मनाने परवानगी दिली. माझं मन तेवढं मोकळं नाही. विधवा म्हणायला इतकं पुरे का?

२० डिसेंबर
नदी गोठली. आता तीच आमचा रस्ता. वादळात वाट चुकू नये म्हणून प्रत्येक घराने आपल्या काठासमोर बर्फात तोडून आणलेली देवदाराची रोपं रोवायची. पहारेने भोक पाडायचं, बुंधा खालच्या पाण्यात लोंबेल इतका आत ढकलायचा; सकाळपर्यंत रोप पक्कं गोठतं.

सगळ्यांच्या रांगा सरळ, आमच्या समोर मात्र मोठा वळसा. रेमी जिथे गेला ती जागा टाळायची म्हणून. मी तिथे पहार मारून पाहिली. बर्फ हातभर जाड. समजुतीपायी येणाऱ्याजाणाऱ्यांची तंगडतोड कशाला? दोरी धरून रांग सरळ केली, पलीकडच्या काठापासून त्या जागेवरून थेट आमच्या पाणवठ्यापर्यंत, म्हणजे पाणी काढायला बर्फात पाडलेल्या भोकापर्यंत. तोआनेत घरात निघून गेली. ब्लेझबाबा मात्र बोलले: "गुरुजी, शेंडा आपल्याला वाट दाखवतो. बुंधा कुणाला दाखवतो, ते शिकवलं नाही वाटतं कॉलेजात?" मी हसलो.

२७ डिसेंबर
वारा अजिबात नाही. तरी रेमीच्या जागेवरचं रोप हलत होतं. बाकीची स्थिर. मासा असेल. 'मासा' असं लिहिल्यावर फार लवकर बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

२ जानेवारी
आता अलीकडचं हलतं. पलीकडचं शांत. रोज एकेक रोप पुढे, घराकडे.

बर्फ फोडून एक रोप बाहेर काढलं. पाण्यातल्या भागाची साल खरवडलेली, शेजारी शेजारी चार ओरखडे. लाकूड कुरतडणाऱ्या बीव्हरचे दात असे उमटत नाहीत. तोआनेतला सांगितलं नाही. तिला भीती वाटू नये म्हणून, की मी चुकलो हे म्हणावं लागू नये म्हणून?

५ जानेवारी
ती पाणवठ्यावरून रिकाम्या हातांनी आली. बादली खाली अडकली म्हणाली. मग म्हणाली, अडकली नाही, धरली. हसायला गेली, हसू फुटलं नाही. "वळसा परत घाला हो, एवढं ऐका माझं." उद्या घालतो म्हणालो.

६ जानेवारी, सकाळी
पलीकडच्या काठावर तोआनेतच्या बहिणीला कळा सुरू झाल्या. तोआनेत पहाटेच गेली, एकटी. अंधार पडायच्या आत परतते म्हणाली.

ती पार पोहोचलेली दिसताच मी सगळी रोपं उपटली. सगळी. आता त्याला खाली चाचपडायला काही नाही. भोकं गोठताहेत. किती हलकं वाटतंय.

दुपारी
वादळ. खिडकीतून नदीच दिसत नाही. ती निघाली असेल तर, खुणांशिवाय — देवा, मी काय केलं —

नंतर
परत रोवली. पार तिकडच्या काठापर्यंत जाऊन, मग मागे येत येत. वळसा घालायला ना उजेड होता, ना बोटांत जीव. सरळच. तीच रेघ.

शेवटचं रोप पाणवठ्याजवळ. नीट बसेना. मग खालून कुणीतरी बुंधा धरला — आणि नीट बसवला.

पळत आलो. अडसर घातला.

संध्याकाळ
तिचा आवाज! आली. देवा, आली —

दाराशी आहे. हाक मारते आहे. "अहो, उघडा ना लवकर, गारठलो आम्ही."

आम्ही.

एकटी गेली होती.

आवाज तिचाच आहे. थरथरतो आहे. नाही उघडलं तर ती तिथेच गोठेल. उघडलं तर —

मी उठलो आहे. हात अडसरावर —

उंबरठ्यावर लाथ. डाव्या बाजूला.

आता दुसरी —