ओल्या पाटीचा रंग

मंगळवार, ४ मार्च. सकाळी १० वाजून ४० मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहिते आहे. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात एकतीस वर्षं काढली. वेळ न घातलेली तक्रार म्हणजे नुसतं रडगाणं. तर, १० वाजून ४० मिनिटांनी मी गॅरेजमध्ये पाऊल टाकलं आणि ह्यांच्या गाडीचा डावा दरवाजा लाल झालेला पाहिला. लालभडक! पोस्टाच्या पेटीसारखा!

पेंटर स्प्रे गन घेऊन उभा. चेहऱ्यावर शाबासकीची वाट.

"कोणाला विचारून?"

"साहेबांच्या भावाचा फोन आला ना सकाळी. म्हणाले, वहिनींचं ठरलंय, लाल मारा."

वहिनींचं ठरलंय! आणि वहिनीला पत्ता नाही! परवा रविवारी माझ्याच टेबलाशी बसून भाऊजींनी शब्द दिला होता — "मूळ रंग नक्की होईपर्यंत गाडीला हात लावू द्यायचा नाही." तिथूनच फोन लावला. तर म्हणतात, "मी असं कधी म्हणालो?" आवाजात इतकं निखळ आश्चर्य की नाटकात बक्षीस मिळावं. वर आणखी — "इटालियन स्पोर्ट्स कार लालच असते, वहिनी. आपली पहिल्या दिवसापासून लाल होती."

नव्हती! गाडी १९६६ची. आमच्याकडे आली १९७१ला, लग्नाच्या दोन महिने आधी. करडी-हिरवी. ओल्या पाटीवर शेवाळ धरावं तशी. लाल नंतर झाली. हे गेल्यावर दोन वर्षं शेडमध्ये पडून पोपडे धरले, तेव्हाच मी ठरवलं — रंगवायची तर जन्माला आली त्या रंगात. त्या सालचा, कारखान्यातला रंग. दुसरा नाही.

काम बंद करून घरी आले. 

बुधवार, ५ मार्च

लेकीचा फोन. भाऊजींनी आधीच कान भरलेले. "आई, काका म्हणतात तू रंगावरून पेंटरला ओरडलीस. त्या दिवशी दुधाचं पातेलं तसं झालं. मला काळजी वाटते गं. नुसती तपासणी करून घे."

स्मरणशक्तीची तपासणी! घड्याळाचं चित्र काढायला लावतात म्हणे. आज काय वार आहे ते विचारतात. मला! जिने कॉन्व्हेंटच्या शाळेत आठवी ते अकरावी इतिहासाची एकही तारीख चुकवली नाही आणि सिस्टरांच्या चुका वर्गात उभं राहून दाखवल्या!

पातेल्याचं मात्र खरं आहे. गेल्या महिन्यात मी आंघोळीला गेले, बाहेर येते तो स्वयंपाकघरभर धूर. दूध जळून कोळसा, साखरेचा डबा उघडा. भाऊजी नुकतेच येऊन गेले होते, पण ते म्हणाले मी बाहेरच्या खोलीतून हललोच नाही. म्हणजे मीच ठेवलं असणार. मला आठवत नाही. ते काही मी लेकीला सांगितलं नाही.

रागाच्या भरात बोलून बसले — "गाडी मुळात लाल निघाली तर डॉक्टर, तपासणी, सगळं. आणि हे घर बंद करून तुझ्याकडे राहायला येते. निमूटपणे."

ती लगेच म्हणाली, "चालेल." इतक्या लगेच!

गुरुवार, ६ मार्च

ओली पाटी. वर शेवाळ. मला दिसते आहे. पण लाल कधी केली? का केली? — ते काही केल्या दिसत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

गॅरेज. पेंटर तसा सरळ माणूस. म्हणाला, "मॅडम, भांडण कशाला? गाडीलाच विचारू." बाकीची गाडी मागच्या महिन्यात रसायन लावून पत्र्यापर्यंत खरवडून झाली होती, सगळ्या रंगांचा एकच लगदा. जुना रंग राहिला होता तो एका उजव्या दरवाजावर. त्याने बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवला आणि रुपयाएवढ्या जागी हळूहळू गोल घासत राहिला. मधला भाग जास्त, कडा कमी. एकेक थर वर्तुळ होऊन बाहेर येतो, झाडाच्या खोडात येतो तसा.

बाहेरचं वर्तुळ लाल. आतलं पांढरं. मध्ये पत्रा.

बस्स. पांढरं! हिरव्याचा ठिपका नाही.

"लाल पण नव्हती, मॅडम," पेंटर समजुतीने म्हणाला. "म्हणजे तुम्ही दोघंही..." पुढचं गिळलं त्याने. मी टायरवर बसले. पाणी दिलं, प्यायले. आभार मानायचे राहिले.

शनिवार, ८ मार्च

लाल नाही निघाली, पण माझी हिरवीही नाही; म्हणजे हरले. कपाट आवरायला काढलं. लेकीच्या घरी एकच खण मिळेल.

रविवार, ९ मार्च

भाऊजी आले. स्वेटरची बटणं एक घर चुकून लावलेली, एक बाजू वर, एक खाली. माझी सांगायची इच्छा नव्हती. कॉफी मागितली, तीन चमचे साखर. गाडी आली त्या दिवसाची गोष्ट सांगितली — "मीच चालवत आणली, तुमच्या टेलिफोन एक्सचेंजच्या दारात उभी केली, दादा शेजारी बसून नुसता घाम पुसत होता!" गोष्ट खरी आहे. महिन्याभरात तिसऱ्यांदा ऐकली. मग विचारलं, "पेंटरने सुरुवात केली का?" मी म्हटलं, काम बंद आहे. कॉफी संपवून पुन्हा, "पेंटरने सुरुवात केली का?"

जखमेवर मीठ चोळायचं तर एकदा चोळावं ना!

जाताना दारात म्हणाले, "वहिनी, तुम्ही वाळलात." हो, वाळले.

सोमवार, १० मार्च

आठवलं!

भांडी घासताना आठवलं. तवा कडेने घासताना जो आवाज झाला, तस्साच आवाज! १९७४. उजवा दरवाजा मी ठोकला होता. मी! नवीन लायसन्स, अरुंद फाटक आणि माझी घमेंड. दरवाजा गेला चिरडून. भंगारातून दुसरा आणला, तो पांढऱ्या गाडीचा. आणि त्या करड्या-हिरव्याचा डबा काही मिळेना, तेव्हा हे म्हणाले, "सगळीच लाल करू, जोड दिसणार नाही." म्हणून लाल!

आणि मी विसरले कसं? सांगते कसं. सासरे जिवंत होते, कडक. "गाडी कोणी ठोकली?" म्हणून गरजले, तेव्हा बावीस वर्षांचे भाऊजी पुढे होऊन म्हणाले, "मी." दोन महिने सासऱ्यांनी त्यांच्याशी अबोला धरला. आम्ही तिघांनी ती गोष्ट इतकी नीट झाकली की मलाही सापडेनाशी झाली.

म्हणजे दरवाजाची साक्ष खोटी! तो आमच्या गाडीचा नाहीच!

ताबडतोब पेंटरला फोन. "जिथे पुन्हा कोणी रंग मारणार नाही अशी जागा सांगा."

"डॅशबोर्डच्या मागे, मॅडम. तिथे कारखान्यानंतर कोणाची गन पोचत नाही."

मंगळवार, ११ मार्च. दुपारी १२ वाजून १० मिनिटं.

पेंटरने डॅशबोर्ड सुटा केला. टॉर्च धरला. मला म्हणाला, "तुम्हीच बघा." अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या बुटक्या गाडीत डोकं घातलं. गुडघ्यांनी निषेध नोंदवला.

ओली पाटी. वर शेवाळ.

एकोणसाठ वर्षं अंधारात बसलेली. जशीच्या तशी! हात लावला फक्त. पेंटरने त्या सालचा कारखान्याचा रंगतक्ता आणून शेजारी धरला. सतरा चौकोनांतला अकरावा. अगदी बरोबर! "मॅडम," तो म्हणाला, "मी ही गाडी लाल केली असती आणि लोकांनी वाहवा केली असती. कोणाला कळलंच नसतं."

"मला कळलं असतं," मी म्हटलं. "आणि तुम्ही सुटला नसता."

लेकीला तिथूनच कळवलं. आधी हसायला लागली, मग नाक ओढल्याचा आवाज. "आई, सॉरी गं." मी म्हटलं, "सॉरी नको. माझा खण दुसऱ्या कोणाला दे."

घरी आले, कपाट परत लावलं. किती हलकं वाटतं आहे! माझं डोकं माझंच आहे. दोन घास जास्त जेवले.

बुधवार, १२ मार्च

आज भाऊजींचा समाचार. रीतसर पत्र, तारीखवार आरोप. सकाळी कागद घेऊन बसले. रविवार, २ मार्च: शब्द दिला. मंगळवार, ४ मार्च: शब्द मोडला, वर दिलाच नाही म्हणाले. रविवार, ९ मार्च: एकच प्रश्न दोनदा विचारून डिवचलं. एकच गोष्ट महिन्यात तीनदा. ज्या हातांनी ती हिरवी गाडी आणली, त्याच हातांनी फोन फिरवून लाल मारायला सांगितलं.

मग फेब्रुवारीतलं पातेलं. तेही घालावं म्हटलं, माझ्यावर ढकललं म्हणून. लिहायला लागले — दूध जळालं, साखरेचा डबा उघडा...

पेन थांबलं.

मी अकरा वर्षांत साखर घेतलेली नाही.

सगळा कागद पुन्हा वरपासून वाचला. एवढं खोटं कोण बोलेल, आणि कशासाठी? त्या माणसाला खोटं बोलता येत नाही. आयुष्यात एकदाच बोलला. माझ्यासाठी.

गुरुवार, १३ मार्च. सकाळी ९ वाजून ५ मिनिटं.

कालचा कागद फाडला. हे पाठवते आहे, इथे नक्कल:

भाऊजी, सोमवारी, १७ मार्चला, सकाळी अकराला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. नाव माझं घातलं आहे. लेकीलाही तेच सांगितलं, की विसरायला मला होतं आहे आणि तुम्ही सोबतीला येता. आत दोघांनी जायचं. घड्याळाचं चित्र आधी मी काढीन. तुम्ही येता की नाही ते लेखी कळवा, शनिवार, १५ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत. तोंडी उत्तर चालणार नाही. कळवायचं विसरलात तर सोमवारी दहाला मी दारात उभी असेन. स्वेटरची बटणं मी लावीन.