सात नंबरचा कागद

४ मे, सकाळी ७
ज्या घरात लाल पेनाला अभय नाही, तिथे सरस्वतीने राहावे तरी कशाला, हा प्रश्न मी चहाआधीच मांडला. बायको नीलम्मा म्हणाली, कोन कशाला लपवायलाय तुमचा पेन, पूजेच्या पेटीत हाय, तुमीच ठेवला. पेटीतच निघाला. मी ठेवला नव्हता. निषेध.

लेक अनुपमा पीएचडीच्या कामाचे चाळीस कागद घेऊन मानवतला आली आहे. उंदराच्या मेंदूचे फोटो. पेशींवरून मज्जातंतू गेलेले, त्यांवर जागोजागी बारीक फुगीर गाठी. गाठीपाशीच तंतू पेशीशी बोलतो म्हणे. कोणत्या पेशीच्या वाट्याला किती गाठी, ते मोजायचे. तिची मोजणी झाली. आता दुसऱ्या माणसाने मोजायची. माझ्यासारखा पाठशाळेत शिकलेला वार्ताहर घरात असताना बाहेर कशाला शोधा? रोज दहा कागद. चार दिवसांत मेंदू खलास.

५ मे
तीन कागद. लाइट नव्हती.
सरकी टोकताना अंतरासाठी धरायच्या दोरीवर असतात तशा गाठी समान अंतरावर असणार, हे अनुपमाला आधीच सांगून टाकले. आप्पा, तसं नसतंय, म्हणाली. एखाद्या पेशीला वीस, शेजारणीला एक, बऱ्याचजणींना थोड्याच. मान्य नाही. हा मेंदू आहे, पीकविमा नव्हे.

६ मे
चार कागद. सात नंबरवर एक विलक्षण पेशी सापडली, हुबेहूब गंगाखेडचा पूल. समासात लिहून ठेवले. अनुपमाला दाखवणे.

८ मे
पिंगळीला साडूकडे जावळ. शून्य कागद. आमरसानंतर मोजणी शास्त्रसंमत नाही.

१२ मे
एकतीस नंबर संपला. गाठी खरोखरच कशाही विखुरल्या आहेत. निसर्गाचे चुकले आहे, माझे नाही.
आज एक विलक्षण पेशी सापडली! हुबेहूब गंगाखेडचा पूल. असे पहिल्यांदाच पाहतो आहे. अनुपमाला दाखवणे.

१४ मे, दुपारी
जन्मदात्याची परीक्षा! मोजणारा पक्का आहे का, हे पाहायला अनुपमाने काही फोटो नंबर बदलून दोनदा घातले होते. सात आणि एकतीस एकच. साताला मी एकेचाळीस गाठी मोजल्या, एकतीसला तेवीस. मी दोन्हींवर ठाम आहे. ती हसली. आप्पा, होतंय असं, लय बारीक असतेत त्या. पन तुमची मोजनी आता घेता येनार न्हाई. मी म्हणालो, पंख्याने कागद हलत होता.

१४ मे, संध्याकाळी
दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींच्या समासात लाल पेनाने तेच वाक्य. गंगाखेडचा पूल, अनुपमाला दाखवणे. अक्षर माझे. ही वही मागे चाळली, तर इथेही दोनदा.
आकडा चुकला, त्याचे काही नाही. डोळे आहेत, उन्हाळा आहे. पण एकतीस नंबर बघताना तो पूल मला नवा होता. अगदी नवा.
पेनही मीच ठेवला असेल.
वडील साठीला आले तेव्हा मला विचारू लागले होते, पाहुने, तुमी कोन गावचे? मला छप्पन्नावे चालू आहे. नीलम्माला सांगितलेले नाही. भीती वाटते.